आल्याचे गुण जरूर छापा, पण मापासकट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतला आल्यावरचा लेख वाचला. सर्दी, खोकला, अपचन, सांधेदुखी, मधुमेह, रक्तदाब, हृदयातले ब्लॉकेज, कर्करोग, वाढलेलं वजन आणि केसगळती, एवढ्या सगळ्यांवर आलं गुणकारी असल्याचं त्यात म्हटलं आहे. पण आलं किती घ्यायचं, ओलं घ्यायचं की सुंठ, किती दिवस घ्यायचं आणि कोणी घेऊ नये, याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. मी गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले. अजूनही सकाळी माझ्या ओटीवर कुणी ना कुणी येऊन बसलेलं असतं. पूर्वी त्यांच्या हातात गोळ्यांचं पाकीट असायचं. हल्ली मोबाइल असतो, नाहीतर आपल्या पुरवणीचं घडी घातलेलं पान. त्या पानावर माणसं विश्वास ठेवतात, हे मी रोज पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आल्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझ्या आगरात माडाखाली दरवर्षी आलं लावलेलं असतं आणि घरात सुंठेची बाटली कधी रिकामी नसते. पण आपण त्याला औषध म्हणत असू, तर त्याची माहितीही औषधासारखीच छापली पाहिजे. तशी ती छापली गेली नाही की दोन्हीकडून नुकसान होतं. जिथे आलं खरोखर कामाला येतं तिथे लोक ते नीट वापरत नाहीत, आणि जिथे त्याचा उपयोग नाही तिथे त्याच्या भरवशावर बसून राहतात.

लेखात ज्याला जेमतेम अर्धं वाक्य मिळालं आहे, त्या मळमळ आणि उलटीपासून सुरुवात करते. आल्याचा सगळ्यात भक्कम गुण हाच, आणि आमच्या किनाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडणाराही हाच. बोट लागणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माझ्या पिढीला सांगावं लागत नाही. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ल्याकडे जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. बोटीत कशीबशी तग धरलेली माणसं पडावात बसली की हमखास कडेला वाकायची. जाणत्या बायका निघतानाच आल्याचे तुकडे मीठ लावून पदराच्या गाठीला बांधून घेत. त्या बोटी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आता मुंबई-कोकण बोटीच्या बातम्या पुन्हा आपल्याच पानांवर वाचायला मिळतात, तेव्हा हा विषय काही जुना झालेला नाही.

आणि मच्छीमारांसाठी तर तो कधीच जुना नव्हता. पावसाळी बंदी उठून ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडतात, तेव्हा ट्रॉलरवर नवे खलाशी आलेले असतात. आता त्यांत नेपाळची मुलंही पुष्कळ असतात. ती डोंगरात वाढलेली. समुद्र प्रथमच पाहायचा, तोही ऑगस्टातला. पहिल्याच फेरीत आडवी होतात, पोटात काही ठरत नाही आणि परत आणतात तोवर डोळे खोल गेलेले असतात. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जाणता असला तर निघतानाच त्यांच्या तोंडात आल्याचा मिठात घोळवलेला तुकडा देतो. गाडी लागण्याची जी गोळी दुकानात मिळते तीही काम करते, पण तिने गुंगी येते. हलत्या डेकवर, जाळी आणि दोरांच्या गुंत्यात गुंगीतला माणूस म्हणजे जिवाशी खेळ. आलं मुख्यतः पोटावर काम करतं. जठराची हालचाल सुधारतं, उलटीचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या पोटातल्या यंत्रणेला शांत करतं, आणि त्याने झोप येत नाही.

ही नुसती आजीबाईची समजूत नाही. १९८८ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी खवळलेल्या समुद्राची सवय नसलेल्या ८० नौदल छात्रांवर याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. काहींना १ ग्रॅम सुंठेची पूड दिली, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली पूड. कुणाला काय मिळालं हे छात्रांना माहीत नव्हतं. सुंठ घेतलेल्यांच्या उलट्या आणि थंड घाम सुटणं स्पष्टपणे कमी झालं. मळमळ आणि गरगरणंही थोडं कमी दिसलं, पण तो फरक खात्रीने सांगण्याएवढा नव्हता, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. त्याआधी १९८२ मध्ये अमेरिकेत ३६ विद्यार्थ्यांना फिरत्या खुर्चीत बसवून केलेला प्रयोग आल्याच्या बाजूने निघाला होता. नंतरच्या काही प्रयोगांत फायदा दिसलाही नाही. म्हणजे आलं ही हमी नाही, पण आधाराला घेण्यासारखी, स्वस्त आणि गुंगी न आणणारी वस्तू आहे. एवढं नेमकं लिहिलं, तर जंजिऱ्याला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून जाणाऱ्या, नाहीतर कुंभार्ली घाटात एसटीच्या खिडकीत डोकं काढून बसणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होईल. निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावं. पोट बिघडल्यावर घेतलेलं आलं बहुतेक वेळा उलटीतूनच बाहेर पडतं.

आता १ ग्रॅम म्हणजे किती, हे घरातल्या बाईला कळलं पाहिजे. चहाचा चमचा सपाट भरून सुंठेची पूड साधारण २ ग्रॅम भरते, म्हणजे अर्धा चमचा पुरे. ओल्या आल्यात पाणीच फार. पाच किलो आलं वाळवलं तर किलोभर सुंठ हाती लागते. त्या हिशेबाने ओलं आलं साधारण ५ ग्रॅम, म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा. वाळताना नुसतं पाणीच उडून जातं असंही नाही. ओल्या आल्याचा तिखटपणा ज्या जिंजेरॉलमुळे असतो, त्याचा काही भाग वाळवताना शोगॉलमध्ये बदलतो, आणि शोगॉल अधिक झणझणीत असतं. म्हणून सुंठ चिमटीने घ्यायची आणि आलं किसून. आमच्या सासूबाई सहाणेवर सुंठेचे वेढे मोजून देत, त्यामागे हाच हिशेब होता.

दुसरी गोष्ट गरोदरपणातल्या उलट्यांची. माझ्या नोकरीतला मोठा काळ यातच गेला. दुसरा-तिसरा महिना असतो, पोरगी सुकून गेलेली असते आणि सोबत आलेली सासू सांगते, "बाय, हिच्या पोटात पानी पन ऱ्हात नाय." डोहाळे आहेत, जातील आपोआप, असं म्हणून घरात दुर्लक्ष करायचे आणि उपकेंद्रात येईपर्यंत फार उशीर व्हायचा. सगळं सोसणाऱ्या या मुलींना आल्याने खरोखर आराम पडतो. याविषयी बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. बहुतेकांत दिवसाला एकूण १ ग्रॅमच्या आसपास सुंठ, चार वेळा विभागून दिली आहे. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स, हीसुद्धा अशा मळमळीवर औषधाशिवायचा एक पर्याय म्हणून आल्याचा उल्लेख करते. मी मुलींना सांगत असे, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी कोरडी तांदळाची भाकरी किंवा मूठभर कुरमुरे खा, आणि पेरभर आलं किसून त्याचे चार भाग कर. एकेक भाग गरम पाण्यातून, थोडं मीठ आणि लिंबू घालून, दिवसभरात घोट घोट घे.

गरम पाण्यातून म्हटलं, चहातून नाही. हे मुद्दाम सांगते, कारण या एका बाबतीत घरोघरी नुकसान होताना मी पाहिलं. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या लाल गोळ्या सुरू होतात. त्यांनी काहींना मळमळतं. मग मुली गोळी घेतात आणि लगोलग वरून आल्याचा चहा पितात. मळमळ थांबते खरी, पण चहातल्या तुरट द्रव्यांमुळे गोळीतलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही. गोळ्या संपतात, पाकिटं रिकामी दिसतात, आणि हिमोग्लोबिन होतं तिथेच राहतं. आशाताई बिचाऱ्या घरोघरी फिरून गोळ्या दिल्याची नोंद करत असतात. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहा आणि गोळी यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवावं, आलं हवंच असेल तर नुसत्या पाण्यातून घ्यावं. तुमच्या लेखात 'गरोदर स्त्रियांनी आल्याचा चहा प्यावा' एवढंच आहे. ते वाक्य वाचून मला राहवलं नाही.

आणि उलट्यांचीही एक मर्यादा असते, ती प्रत्येक घराला माहीत हवी. दिवसभर पाण्याचा घोटही ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, वजन उतरत असेल, तर आलं बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा. तिथे सलाईन लागतं. आधी गर्भपात झालेला असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून आलं घेऊ नये. बाळंतपण जवळ आलं की जास्तीचं आलं-सुंठ थांबवावी. बाळंतिणीचे सुंठेचे लाडू खुशाल होऊ देत. मात्र तान्ह्या बाळाला आलं-मधाचं चाटण देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणंच धोक्याचं आहे. त्यातून होणारी विषबाधा क्वचित होते, पण झाली तर बाळाचे स्नायू लुळे पडतात.

पचनाबद्दल तुमच्या लेखात बरंच आहे आणि त्यातलं बरंचसं पटतं. मे महिन्यात चाकरमानी आणि त्यांची मुलं गावी येतात, दुपारी रसाळ फणसाचे गरे, संध्याकाळी आमरस, रात्री पुन्हा फणस. पोटं गच्च होतात. आमरसात चिमूटभर सुंठ आणि वर तूप घालायची आपली पद्धत आहे, मठ्ठ्याला आलं लावायची आहे, जेवणाआधी मीठ लावलेला आल्याचा तुकडा खायची आहे. त्याला आता मोजमापाचा आधारही मिळाला आहे. तैवानमध्ये २००८ साली २४ निरोगी माणसांना १.२ ग्रॅम सुंठ देऊन, तासाभराने सूप पाजून, जठर किती वेगाने रिकामं होतं ते पाहिलं. सुंठ घेतल्यावर निम्मं जठर सुमारे १३ मिनिटांत रिकामं झालं, सुंठेशिवाय सुमारे २७ मिनिटं लागली. पोट जड होणं, ढेकरा, तोंडाला चव नसणं यांत आलं का बरं वाटतं, हे त्यावरून समजतं. पण ज्यांना छातीत जळजळतं, आंबट पाणी वर येतं, त्यांना रिकाम्या पोटी आलं घेतल्यावर अधिकच जळजळतं. पित्ताशयात खडे असलेल्यांनीही जपून राहायला हवं. 'पोटाचे सर्व विकार' असं सरसकट लिहिलं की ही माणसंही त्यात येतात. जुलाब झालेल्या मुलाला तर आल्याचा रस देत बसू नये. त्याला जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या लागतात.

मासिक पाळीतल्या दुखण्याविषयी लेखात एक शब्द नाही, याचं मला वाईट वाटलं. शाळेतल्या मुली पोट धरून बसतात, पेपर बुडवतात आणि कुणाला सांगत नाहीत. इराणमध्ये २००९ साली १५० विद्यार्थिनींवर केलेल्या चाचणीत पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत २५० मिलिग्रॅम सुंठ चार वेळा दिली. तिचा परिणाम मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीस तोड निघाला. चाचणी लहान आहे, पण घरातल्या डब्यात असलेल्या वस्तूबद्दल हे मुलींना कळायला काय हरकत आहे? रक्तस्राव फार होत असेल तर मात्र आधी तपासणी करून घ्यावी.

परळला टाटा रुग्णालयात केमो घ्यायला जाणारी माणसं आमच्या भागातही आहेत. त्यांच्यासाठी एक महत्त्वाची चाचणी २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ५७६ रुग्ण होते. उलटी थांबवणारी नेहमीची औषधं सर्वांना चालूच होती, त्यांच्या जोडीला रोज अर्धा, एक किंवा दीड ग्रॅम सुंठ केमोच्या तीन दिवस आधीपासून दिली. मळमळ कमी झाली. सर्वांत चांगला फायदा मात्र अर्धा आणि एक ग्रॅम घेणाऱ्यांना झाला, दीड ग्रॅमवाल्यांना नाही. जास्त घेतलं की जास्त गुण, हा आपल्याकडचा ठाम समज आहे आणि तो अशा ठिकाणी उघडा पडतो. आणि हो, यातून आल्याने कर्करोग बरा होतो असं कुणी काढू नये. केमोची मळमळ कमी होते, इतकंच. त्यातही रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी असतील तर सुंठेचं डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

सांधेदुखीला आल्याने थोडा आराम पडतो, फार नाही. सर्दीत गरम काढ्याने घसा मोकळा होतो, बरं वाटतं. पातीच्या चहात आलं घालून पावसात प्यायला मलाही आवडतं. पण सर्दीचे दिवस त्याने कमी होतात असा भरवशाचा पुरावा नाही. आल्याने विषाणू मरतो म्हणतात तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर, माणसाच्या नाकात नव्हे.

आता मला ज्याची काळजी वाटते ते लिहिते.

लिंबाचा रस, आल्याचा रस, लसणीचा रस आणि सफरचंदाचं व्हिनेगर एकत्र आटवून मध घालायचा आणि रोज सकाळी घ्यायचा, म्हणजे हृदयातले ब्लॉकेज निघून जातात, हा निरोप आमच्या वाडीतल्या प्रत्येक फोनवर येऊन गेला आहे. तुमच्या लेखात 'हृदयातील अडथळे दूर होतात' हे वाक्य आहे. निरोपावर ज्यांचा अर्धाच विश्वास होता, त्यांचा छापील वाक्याने पुरा बसतो. आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांची मुंबईत अँजिओप्लास्टी झाली होती. गावी परत आल्यावर त्यांनी हे मिश्रण सुरू केलं आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद केल्या. 'दोन-दोन औषधं कशाला' असं ते म्हणाले. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, घातलेल्या माणसाने त्या गोळ्या आपल्या मनाने थांबवल्या की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. त्यांना रात्री छातीत कळा येऊ लागल्या आणि चिपळूणला हलवावं लागलं. ते वाचले, पण प्रत्येक जण वाचतोच असं नाही. उलट बाजूही आहे. गोळ्या चालू ठेवून वर आलं-लसणीचा रस भरपूर घेतला, तर रक्त जास्तच पातळ होण्याची भीती असते. विशेषतः वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्यांनी औषध म्हणून आलं घेण्याआधी विचारलंच पाहिजे. भाजी-आमटीतल्या आल्याबद्दल मी बोलत नाही. ते चालतं.

मधुमेहाचंही तेच. साखर थोडी उतरते असं काही लहान चाचण्यांत दिसतं, पण तेवढ्यावर गोळी किंवा इन्सुलिन सोडायचं नसतं. लेखात ही सूचना एका वाक्यात देता आली असती.

तापाचं तर आमच्या भागात फारच जपावं लागतं. लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर पाय असतात, पायाला भेगा असतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू अंगात शिरतो. सणकून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. अशा वेळी तीन-चार दिवस आल्या-तुळशीचा काढा पीत घरी थांबलं की आजार मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो. वेळेत गेलं तर साध्या प्रतिजैविकाने माणूस बरा होतो. २०२० च्या मार्चमध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायला सुचवलं होतं. आमच्याकडे लोक तो दिवसातून पाच-सहा वेळा, कडक करून पीत होते, आणि पोटात आग पडते, शौचाला रक्त पडतं म्हणून येत होते. मूळ सूचनेत माप होतं, लोकांपर्यंत पोचेपर्यंत ते गळून गेलं. खोकल्याचंही सांगते. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हे क्षयरोग कार्यक्रमात सांगून सांगून आमचा घसा बसला. तरी महिना महिना सुंठ-मध चाटत बसलेली माणसं मला भेटली आहेत, आणि तोवर घरातल्या लहान मुलांनाही लागण झालेली असायची.

कुणी म्हणेल, ही सगळी ॲलोपथीवाल्यांची भीती. तसं नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात जेवणाआधी मीठ-आलं खावं असं सांगितलं आहे, ते वचन तुमच्या लेखात मोठ्या अक्षरांत आहे. पण त्याच ग्रंथात, त्याच ठिकाणी, रक्तपित्त (अंगातून रक्त जाणं), दाह, जखम, ज्वर, पांडुरोग, लघवीची जळजळ यांत आणि ग्रीष्म व शरद ऋतूंत आलं चांगलं नाही असंही स्पष्ट म्हटलं आहे. ते तुमच्या लेखकाने गाळलं. आमच्याकडे ऑक्टोबरात जे ऊन तापतं त्या दिवसांत घरातली जुनी माणसं आलं कमी करत, त्याला हाच आधार होता. जुन्या वैद्यांनी गुण आणि दोष एका जागी लिहिले. आपण त्यातला अर्धाच भाग का छापावा?

म्हणून माझी विनंती अशी आहे. एकतर या लेखाची पुरवणी म्हणून, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, गरोदर स्त्रिया, पित्ताशयात खडे असलेले आणि शस्त्रक्रिया ठरलेले यांनी डॉक्टरांना विचारावं, आणि चालू गोळ्या कुणीही बंद करू नयेत, एवढा मजकूर येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. आमच्याकडे पुरवणीचं पहिलं पान भिंतीला चिकटवलं जातं, आतली पानं सुकट बांधायला जातात. आणि यापुढे घरगुती औषधांवर जो काही मजकूर येईल, मग तो ओव्यावर असो, हळदीवर असो की कोकमावर, त्यात कशासाठी, किती, किती दिवस आणि कोणी टाळावं हे नसेल, तर तो लेखकाकडे परत पाठवावा. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या वैद्यांना एकदा दाखवून घेतला तरी पुष्कळ होईल. दिवसाला सुंठ ४ ग्रॅमच्या वर नको, असं साधारणपणे सांगितलं जातं. ही एक संख्या जरी तुमच्या लेखात असती, तरी मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

शेवटी सुंठेबद्दल थोडं, कारण किनाऱ्यावरच्या वाचकांना ते लागेल. पांढरीशुभ्र सुंठ दिसली की लोक चांगली म्हणून उचलतात. पुष्कळदा ती चुन्यात घोळवलेली असते. घरी वाळवलेली सुंठ मळकट, पिवळसर-तपकिरी दिसते आणि मोडली की आत धागे आणि दरवळ असतो. पूड विकत घेण्यापेक्षा अख्खी सुंठ घ्यावी आणि लागेल तेवढीच कुटावी. आमच्या पावसाळ्याच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. बुरशी वरून खरवडून सुंठ वापरणाऱ्या बायका मी पाहते, तसं करू नये, कारण बुरशीचं विष आतपर्यंत गेलेलं असतं आणि ते उकळूनही जात नाही. मिरगाच्या आधी कडक उन्हात एकदा तापवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावी. ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गादीवाफ्यावर आलं लावावं. आपल्याकडे पाऊस एवढा पडतो की सपाट जमिनीत पाणी साचतं आणि कंद कुजतात. वाफा उंच असेल, पाण्याला वाट असेल, तर पाला पिवळा होऊन सुकल्यावर, पौष-माघात, घरापुरतं आलं आणि वर्षभराची सुंठ सहज निघते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
दाभोळ खाडीकाठ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी